मिशनच्या कॉलेजात शिकायचं, तर पैसे वसूल होतात का? पालकांचे आणि विद्यार्थ्यांचे नेहमीचे प्रश्न

बारावीचा निकाल लागला की झेवियर्स, विल्सन, सोफिया, हिस्लॉप, नगर कॉलेज ही नावं घराघरांत निघतात. पाठोपाठ दोन शंका येतात : फी झेपेल का, आणि तिथलं वातावरण आपल्याला मानवेल का. ही उत्तरं मुख्यतः महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती संस्थांच्या महाविद्यालयांबद्दल आहेत. बाहेरच्या दोन-तीन ठिकाणांचा उल्लेख ओघात आला आहे.

ही कॉलेजं खासगी, म्हणजे महाग असणारच ना?

नाही. हा सगळ्यांत मोठा गैरसमज आहे, आणि त्यापायी कित्येक हुशार मुलं अर्जसुद्धा भरत नाहीत.

चालवणारी संस्था खासगी असते हे खरं. कुठे धर्मप्रांत, कुठे जेझुइट या कॅथलिक संघाचे फादर, कुठे सेक्रेड हार्टच्या सिस्टर, तर कुठे स्थानिक ख्रिस्ती मंडळींचा ट्रस्ट. पण जुन्या कॉलेजांतल्या बीए, बीएस्सी, बीकॉमच्या मूळ तुकड्या बहुतेक ठिकाणी अनुदानित आहेत. तिथल्या मंजूर पदांवरच्या प्राध्यापकांचा पगार राज्य सरकार देतं, आणि फी विद्यापीठाच्या व सरकारच्या नियमांत बसवावी लागते. १८३२ मध्ये जॉन विल्सन यांनी सुरू केलेल्या शाळेतून वाढलेलं विल्सन कॉलेज, १८६९ चं सेंट झेवियर्स, १८८३ चं नागपूरचं हिस्लॉप, डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी १९४७ मध्ये उभं केलेलं अहमदनगर कॉलेज : या सगळ्या पिढ्यान् पिढ्या सामान्य घरांतली मुलं शिकवलेल्या संस्था आहेत. यांतल्या अनुदानित तुकडीत जागा मिळाली, तर इतक्या कमी पैशांत इतकं चांगलं पदवीशिक्षण दुसरीकडे मिळणं कठीण, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग शेजारच्या मुलाने त्याच कॉलेजात एवढे पैसे कसे भरले?

तो विनाअनुदानित अभ्यासक्रमाला असणार. बीएमएस, मास मीडिया, बीएस्सी आयटी, अकाउंटिंग अँड फायनान्स, बायोटेक यांसारखे अभ्यासक्रम बहुतांशी स्वयंअर्थसहाय्यित असतात. फाटक तेच, ग्रंथालय तेच, पदवीवरचं नावही तेच, पण शिक्षकांचा पगार विद्यार्थ्यांच्या फीमधून निघतो. त्यामुळे फी अनुदानित तुकडीच्या कित्येक पट होते.

दोन्हींच्या पावत्या शेजारी ठेवून बघा. शिक्षण शुल्क, परीक्षा शुल्क, ग्रंथालय, प्रयोगशाळा, जिमखाना, ओळखपत्र, अनामत रक्कम अशी रकान्यांची रांग दोन्हीकडे असते. अनुदानित पावतीवर शिक्षण शुल्काचा आकडा इतका लहान असतो की पालकांना छपाईची चूक वाटते. खालच्या बारीकसारीक रकमांची बेरीजच त्याहून मोठी होते. विनाअनुदानित पावतीवर मात्र पहिल्याच ओळीत सगळा भार असतो.

म्हणून "अमुक कॉलेज परवडतं का?" असं विचारून उपयोग नाही. कॉलेजच्या नावाबरोबर अभ्यासक्रमाचं नाव आणि तुकडी अनुदानित की विनाअनुदानित हे सांगाल, तरच खरं उत्तर मिळेल. माहितीपत्रकात हे कधीकधी ठळक दिलेलं नसतं. कार्यालयाच्या खिडकीवर सरळ विचारा.

विनाअनुदानित अभ्यासक्रम घेऊच नये का?

असं नाही. पण तिथे कॉलेजच्या दीडशे वर्षांच्या पुण्याईवर विसंबू नका. त्या विभागात पूर्णवेळ शिक्षक किती आणि तासिका तत्त्वावर किती, हे विचारा. दर सत्राला शिक्षक बदलत असतील, तर जुन्या प्राध्यापकांनी कमावलेल्या नावाचा तुमच्या मुलाला वर्गात काय उपयोग? प्रयोगशाळा बघा, शेवटच्या वर्षाच्या दोन-चार मुलांशी गेटबाहेर बोला. उत्तरं पटली, तर जास्त फी देण्यात चूक नाही. काही ठिकाणी हे विभाग अनुदानित तुकड्यांहून जास्त जोमाने चालतात, हेही बघायला मिळतं.

नावात "सेंट" आहे म्हणजे ख्रिस्ती संस्था का?

दरवेळी नाही. पुण्याचं सेंट मीराज कॉलेज साधू वासवानींच्या परंपरेतलं आहे. उलट विल्सन, हिस्लॉप, सोफिया या नावांत सेंट नाही, पण संस्था ख्रिस्ती आहेत. कोटा आणि सवलती यांचा प्रश्न असेल तेव्हा नावावरून अंदाज बांधू नका. संस्थेला अल्पसंख्याक दर्जा आहे का, आणि तो कोणत्या समाजाचा, ते तपासा.

आम्ही ख्रिस्ती नाही. मुलाला प्रार्थनेला बसवतील का? धर्माचं शिकवतील का?

ही भीती बरेच पालक दबक्या आवाजात विचारतात, म्हणून मोकळेपणाने सांगते. राज्यघटनेच्या कलम २८(३) नुसार, सरकारमान्य किंवा सरकारी मदत घेणाऱ्या संस्थेत कोणाही विद्यार्थ्याला त्याच्या संमतीशिवाय, आणि तो अल्पवयीन असेल तर पालकांच्या संमतीशिवाय, धार्मिक शिक्षण घ्यायला किंवा उपासनेला हजर राहायला लावता येत नाही.

प्रत्यक्षात काय दिसतं? कार्यक्रमाच्या सुरुवातीला छोटी प्रार्थना, आवारात चॅपेल, डिसेंबरात ताऱ्यांची रोषणाई, ख्रिस्ती सणांच्या सुट्ट्या. ख्रिस्ती विद्यार्थ्यांसाठी वेगळे धर्मवर्ग असतात, तेव्हा इतरांना बहुधा मूल्यशिक्षणाचा तास असतो. या कॉलेजांत शिकणारी बहुसंख्य मुलं ख्रिस्ती नसतात. बाळासाहेब खेर आणि मोरारजी देसाई विल्सनमध्ये शिकले, उषा मेहता तिथे शिकल्या आणि पुढे त्यांनी तिथे शिकवलंही. त्यांच्या विचारांची गांधीवादी घडण सर्वांना ठाऊक आहे.

मात्र काही पंथांच्या निवासी संस्था वेगळ्या असतात. पुण्यातलं स्पायसर विद्यापीठ हे सेव्हन्थ डे ॲडव्हेंटिस्ट पंथाचं आहे. अशा निवासी ठिकाणी उपासना, आहार आणि शनिवारचा विश्राम हा जगण्याचा भाग असतो. तिथे जाणाऱ्याने हे आधी समजून घेऊन जावं.

अल्पसंख्याक कोट्यामुळे आमच्या मुलाची जागा जाते का?

कलम ३०(१) ने अल्पसंख्याकांना आपल्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा आणि चालवण्याचा हक्क दिला आहे. त्यानुसार महाराष्ट्रात अशा कॉलेजांतल्या साधारण निम्म्या जागा त्या समाजासाठी असतात. अकरावीला हे गणित अल्पसंख्याक ५० टक्के, इनहाउस (त्याच संस्थेच्या शाळेतल्या मुलांसाठी) १० टक्के आणि व्यवस्थापन ५ टक्के असं मांडलेलं असतं. उरलेल्या जागांवर गुणवत्तेने प्रवेश होतो, म्हणून तिथला कटऑफ चढा दिसतो. कोट्यातल्या जागा भरल्या नाहीत तर त्या सर्वांसाठी खुल्या होतात, त्यामुळे पुढच्या फेऱ्यांवर लक्ष ठेवणं शहाणपणाचं.

दुसरी गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. कलम १५(५) मधल्या आरक्षणाच्या तरतुदीतून अल्पसंख्याक संस्था वगळलेल्या आहेत. म्हणजे अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसींच्या मुलांना इतर कॉलेजांत मिळणारा राखीव प्रवेश इथे मिळेलच असं नाही. खुल्या यादीतून प्रवेश मिळाला, तर शिष्यवृत्तीचा हक्क मात्र शाबूत राहतो, कारण ती विद्यार्थ्याच्या प्रवर्गावर आणि उत्पन्नावर ठरते. व्यवस्थापन कोट्यातून गेलात, तर बहुतेक शिष्यवृत्त्या हातच्या जातात. हा फरक कळेपर्यंत पहिल्या वर्षाची फी भरून झालेली असते, म्हणून आधीच सांगते.

एक व्यवहाराची गोष्ट : बहुतेक कॉलेजांत अकरावी-बारावी तिथेच केलेल्यांना पदवीच्या पहिल्या वर्षाला आधी जागा देतात. ज्यांना ठरावीक कॉलेजच हवं आहे, त्यांनी दहावीनंतरच विचार करावा.

आम्ही मराठी ख्रिस्ती आहोत. आमच्यासाठी हिशोब वेगळा आहे का?

हो, बराच वेगळा. बाप्तिस्म्याचा दाखला आणि आपल्या चर्चच्या फादरांचं किंवा पाळकसाहेबांचं पत्र वेळेत काढून ठेवा. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर धर्माची नोंद नसेल किंवा चुकीची असेल, तर ती दुरुस्त करायला महिने जातात, आणि प्रवेशाच्या आठवड्यात ते होत नाही. वसईतली मुलं इथे पुढे असतात, कारण तिथे धर्मग्रामांतून (पॅरिशमधून) ही माहिती घरोघरी पोचते. नगर, जालना, औरंगाबादकडच्या खेड्यांत ती पोचत नाही, आणि कोट्यातल्या जागा रिकाम्या राहून इतरांकडे जातात. मला याचं फार वाईट वाटतं.

कारण गरज तिथेच जास्त आहे. नगर आणि मराठवाड्यातली बहुसंख्य ख्रिस्ती कुटुंबं पूर्वाश्रमीच्या महार आणि मांग समाजांतली. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशाप्रमाणे हिंदू, आणि पुढच्या दुरुस्त्यांनी शीख व बौद्ध, यांनाच अनुसूचित जातीचा दर्जा मिळतो, ख्रिस्ती झालेल्यांना नाही. म्हणजे वाट्याला आलेलं दारिद्र्य तेच, भावकीही तीच, पण अनुसूचित जातीची सवलत नाही. केंद्राने २०२२ मध्ये या प्रश्नासाठी न्यायमूर्ती बालकृष्णन यांचा आयोग नेमला. त्यावर निर्णय होईपर्यंत या मुलांसाठी ख्रिस्ती कॉलेजातली कोट्याची जागा आणि राज्याची अल्पसंख्याक शिष्यवृत्ती हा हातातला मोठा आधार आहे. चर्चच्या मंडळींनी रविवारच्या उपासनेनंतर पाच मिनिटं काढून अर्जाच्या तारखा वाचून दाखवल्या, तरी किती मुलांचं कल्याण होईल.

डोनेशन मागतात का?

महाराष्ट्रात १९८७ च्या कायद्याने कॅपिटेशन फी घेण्यावर बंदी आहे, आणि अल्पसंख्याक संस्थेला त्यातून सूट नाही. पावतीशिवाय एक रुपया देऊ नका. "आमची आत ओळख आहे" म्हणून मध्ये पडणाऱ्या माणसाला तर दारातच थांबवा.

फी सोडून खरा खर्च किती?

बाहेरगावच्या मुलासाठी हाच मुख्य प्रश्न आहे. विल्सन गिरगाव चौपाटीसमोर, झेवियर्स धोबी तलावला, सोफिया ब्रीच कँडीजवळ, सेंट अँड्र्यूज वांद्र्यात. हे मुंबईतले सगळ्यांत महाग विभाग आहेत. अनुदानित बीएची वर्षाची फी आणि त्याच भागातल्या पेइंग गेस्ट खोलीतल्या एका खाटेचं महिन्याचं भाडं यांत भाड्याचा आकडाच मोठा निघतो. वर डबा, लोकलचा पास, फोन. वसतिगृहाच्या जागा थोड्या, त्यातही मुलींच्या सोयी बऱ्या आणि मुलांची वणवण जास्त.

साताऱ्या-सांगलीकडच्या पालकांना मी म्हणते, मुंबईच्या नावासाठी तीन-चार वर्षांचं राहणं कर्जाने उभं करू नका. सरकारी किंवा समाजाच्या वसतिगृहात सोय लागत असेल, नातलग खरोखर मनापासून ठेवून घेत असतील, तर जरूर पाठवा. नाहीतर नगर, नागपूर, पुणे इथली कॉलेजं बघा. गोव्याजवळच्या सिंधुदुर्गकरांना म्हापशाचं सेंट झेवियर्सही आहे. मात्र तिथे राज्य बदलतं, म्हणून महाराष्ट्राच्या शिष्यवृत्त्यांची अट आधी वाचा.

कुठल्या सवलती मिळू शकतात?

राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर बहुतेक योजना एकत्र आहेत. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीसाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ८ लाख रुपये आहे. व्यावसायिक अभ्यासक्रमांना केंद्रीभूत प्रक्रियेतून प्रवेश घेणाऱ्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास (एसईबीसी) आणि ओबीसी मुलींना, उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर, २०२४-२५ पासून शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. याशिवाय जुन्या मिशन कॉलेजांत माजी विद्यार्थ्यांनी ठेवलेले निधी असतात, त्यांची कुठे जाहिरात होत नाही. उपप्राचार्यांना किंवा फादर-सिस्टरांना भेटून घरची परिस्थिती सांगितली, तर हप्ते बांधून देणं, पुस्तकपेढी, दुपारचं जेवण अशी मदत अनेकदा निघते. मागायला लाजू नका, ते निधी त्यासाठीच आहेत.

मराठी माध्यमातून आलेलं मूल तिथे टिकेल का?

टिकेल, पण पहिले सहा महिने जड जातील, हे त्याला आधी सांगा. वर्गातली मुलं फडाफडा इंग्रजी बोलतात, कँटीनमध्ये पैसे सहज उडवतात, सहलीचे बेत आखतात. जिल्ह्यात पहिली आलेली मुलगी मागच्या बाकावर गप्प बसू लागते. हुशारी कुठे गेलेली नसते, फक्त तिला वर्गात तोंड उघडायची संधी मिळत नाही. ट्युटोरिअल लिहून देताना, प्रयोगवहीत, ग्रंथालयात तिचं पाणी दिसतंच, आणि दुसऱ्या वर्षापर्यंत बोलणंही सुटतं.

यात कॉलेजची परीक्षा असते. इंग्रजीचे ब्रिज कोर्स खरोखर चालतात का, मराठी विभागात माणसं आहेत का, मराठी वाङ्मय मंडळ जिवंत आहे का, हे बघा. झेवियर्सचं मराठी वाङ्मय मंडळ आणि त्याचा "आमोद" महोत्सव हे याचं उत्तम उदाहरण. इंग्रजी दिसणाऱ्या कॉलेजात मराठी मुलांना तिथे आपलं माणूस भेटतं. नगर कॉलेजात तर हा प्रश्न उलटा आहे : निम्मं आवार मराठीतच बोलतं, तिथे इंग्रजीचा सराव स्वतः शोधावा लागतो.

असं काय मिळतं जे दुसरीकडे मिळत नाही?

सगळ्या ठिकाणी सगळं मिळत नाही. पण काही गोष्टी पिढ्यांनी साठवलेल्या असतात, आणि त्या पैशांनी एका वर्षात उभ्या राहत नाहीत. झेवियर्समध्ये ब्लॅटर हर्बेरियम आहे. पश्चिम भारतातल्या वनस्पतींचे वाळवून, कागदावर शिवून, नाव-गाव-तारीख लिहून ठेवलेले नमुने तिथे कपाटांत रचलेले आहेत. वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्याला शंभर वर्षांपूर्वी सह्याद्रीत खुडलेली फांदी स्वतःच्या डोळ्यांनी बघता येते. त्याच इमारतीत फादर हेरास यांनी १९२६ मध्ये सुरू केलेली इतिहास संशोधन संस्था आहे, आणि २००३ पासूनचं दृष्टिहीन विद्यार्थ्यांचं संसाधन केंद्र आहे. अंध मुलगा परीक्षेला स्वतः वाचून बसू शकतो, याची किंमत कुठल्या फीच्या तक्त्यात लिहिणार?

पण हर्बेरियम असलेल्या कॉलेजात जाऊन तीन वर्षांत एकदाही तिथे पाऊल न टाकणारी मुलंही असतात. त्यांच्यासाठी घराजवळचं कॉलेज आणि हे कॉलेज यांत फरक उरत नाही, खर्चाचा तेवढा उरतो. मूल कशात रमतं, हे तुम्हाला माहीत आहे. ते ज्यात रमतं, ते कॉलेजात आहे का, हे बघून ठरवा.

नोकरीच्या दृष्टीने नावाचा उपयोग होतो का?

मुंबईतल्या माध्यमं, जाहिरात, बँका, सामाजिक संस्था यांत पहिल्या मुलाखतीपर्यंत होतो. माजी विद्यार्थी ओळख काढून देतात. पण नुसत्या बीएला थेट प्लेसमेंट मिळेल ही अपेक्षा ठेवू नका. स्पर्धा परीक्षा किंवा एमए, एमएस्सी करायचं असेल, तर कॉलेजच्या नावापेक्षा तिथल्या एका चांगल्या प्राध्यापकाचा हात पाठीवर असणं जास्त मोलाचं.

इंजिनिअरिंग, मेडिकल, नर्सिंगचं काय?

वांद्र्याचं फादर कॉन्सेसाओ रॉड्रिग्ज, माहीमचं झेवियर इन्स्टिट्यूट, कुर्ल्याचं डॉन बॉस्को ही विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजं आहेत. फी राज्याचं शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि ती प्रसिद्ध होते. इथे ख्रिस्ती-अख्रिस्ती हा विचार बाजूला ठेवून शाखा, निकाल, प्लेसमेंट आणि फी एवढंच बघा.

मेडिकलमध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजसारखं उदाहरण देशात विरळा. खासगी असूनही फी फारच कमी, आणि बदल्यात शिक्षणानंतर ठरावीक काळ मिशनच्या रुग्णालयांत सेवा. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याक संस्थांनाही ‘नीट’ ही वैद्यकीय प्रवेशपरीक्षा लागू असल्याचं स्पष्ट केलं, त्यामुळे प्रवेशाचा रस्ता तिथूनच जातो. आपल्याकडे मिरजेच्या वानलेससारख्या मिशन रुग्णालयांनी नर्सिंगचं शिक्षण देऊन खेड्यांतल्या मुलींना दोन-तीन वर्षांत पायावर उभं केलं. कमी पैशांत नक्की नोकरी हवी असेल, तर मी आजही नर्सिंगचं नाव आधी घेईन.

बंगळूरचं ख्राइस्ट, किंवा अमेरिकेतली ख्रिस्ती कॉलेजं?

ख्राइस्ट हे अभिमत विद्यापीठ आहे, लवासालाही त्यांचं केंद्र आहे. तिथे महाराष्ट्रातल्या अनुदानाचा हिशोब लागू होत नाही, पूर्ण खर्च कुटुंबाचा. पैसे हाताशी असतील तर विचार करा.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी गोष्ट निराळी. तिथे जाहीर फी आणि प्रत्यक्ष भरावी लागणारी रक्कम यांत मोठी तफावत असते. बहुतेक कॉलेजांच्या संकेतस्थळावर निव्वळ खर्च काढायचं साधन असतं, आधी ते वापरा. जेझुइटांच्या विद्यापीठांत सर्व धर्मांची मुलं सहज मिसळतात. इलिनॉयमधल्या व्हीटनसारख्या इव्हँजेलिकल (कडक श्रद्धेच्या प्रोटेस्टंट) कॉलेजात मात्र चॅपेलला हजेरी आणि आचारसंहितेवर सही अपेक्षित असते. केंटकीतलं बेरिया कॉलेज ट्यूशन फी घेतच नाही, प्रत्येक विद्यार्थी कॉलेजातच काम करतो.

कर्ज काढावं का?

रोजगाराशी थेट जोडलेल्या अभ्यासक्रमासाठी काढायला हरकत नाही. ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्यांना पीएम विद्यालक्ष्मी योजनेत, निवडक संस्थांसाठी, १० लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजात ३ टक्के सवलत आहे. पण विनाअनुदानित बीए-बीकॉमसाठी शेत किंवा दागिने गहाण टाकू नका. तोच विषय अनुदानित तुकडीत कुठे ना कुठे मिळतो.

प्रवेश घेतला आणि मग दुसरीकडे नंबर लागला, तर फी परत मिळते का?

मिळते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१८ च्या नियमांप्रमाणे, प्रवेशाच्या जाहीर केलेल्या शेवटच्या तारखेच्या १५ किंवा अधिक दिवस आधी रद्द केल्यास प्रक्रिया शुल्क कापून पूर्ण, त्यानंतर पण शेवटच्या तारखेपूर्वी ९० टक्के, तारीख उलटल्यावर १५ दिवसांत ८० टक्के, तिसाव्या दिवसापर्यंत ५० टक्के आणि त्यानंतर काहीच नाही. अनामत रक्कम पूर्ण परत करावी लागते. यूजीसी काही वर्षी याहून सैल तारखा जाहीर करतं, त्या वर्षाचं परिपत्रक बघून घ्या. मूळ कागदपत्रं कॉलेजला अडकवून ठेवता येत नाहीत. अर्ज लेखी द्या आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.